क्रियापदांची हजेरी

"बिगिन!"

"बिगॅन, बिगन!"

"ब्रेक!"

"ब्रोक, ब्रोकन!"

गिरधर सर वर्गाकडे पाठ करून फळ्यावर तारीख लिहीत होते आणि लिहिता लिहिता हजेरी घेत होते. नावानं हजेरी त्यांनी कधी घेतलीच नाही. नववीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी एकेक इंग्रजी क्रियापद दिलेलं. सरांनी पहिलं रूप हाकारायचं, ज्याचं असेल त्यानं पुढची दोन ठोकायची. ठोकली की तो हजर. पाठ फिरवूनच घ्यायचे. म्हणायचे, तोंड समोर असलं की माणूस तोंडच बघत बसतो, उच्चार ऐकत नाही.

"ब्रिंग!"

म्हणून गेले आणि खडू तिथंच थांबला. ब्रिंग ज्योत्स्नाचं. आणि ज्योत्स्ना तर काल आईबापाबरोबर मुकादमाच्या ट्रकात बसून गुजरातला ऊस तोडायला गेली होती. सर स्वतः फाट्यावर उभे होते, ट्रक वळणाआड जाईपर्यंत. पण जिभेला कोण सांगणार? सवय ती सवय.

"ब्रॉट, ब्रॉट!" मागच्या बाकावरून आवाज आला.

घोगरा, नुकता फुटलेला. विक्रमचा.

सर वळले नाहीत. मग खडू परत चालायला लागला.

"बिल्ड!"

"बिल्ट, बिल्ट!"

हजेरी संपल्यावर त्यांनी विक्रमला उभं केलं. "काय रे, तुझं क्रियापद कोणतं हाये?"

"फॉल, सर. फेल, फॉलन."

"मग ब्रिंगमध्ये कशाला तोंड घातलं?"

"ज्योत्स्नानी माले अर्धेलीवर दियेल शे, सर. कोंबडी बी, अन् ब्रिंग बी."

वर्ग हसला. सर नाही हसले.

हे साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगचं गाव. नाव मोहपाडा. पावसावर एक पीक निघतं, ते दिवाळीपर्यंत पोटात जातं, मग अर्धं गाव ट्रकात बसतं. जाताना दाराला बाभळीचे काटे लावतात, म्हणजे कुत्री आत शिरत नाहीत. आणि घरातलं जे काही जिवंत असतं ते मागं राहणाऱ्याला देऊन जातात. कोंबडी, शेळी, कधी आजी. कोंबडी अर्धेलीवर द्यायची म्हणजे सांभाळणाऱ्यानं खाऊ घालायचं, पिल्लं झाली की अर्धी त्याची, अर्धी मालकाची. कोंबडी मात्र मालकाचीच. ह्यात कोणी बेइमानी करत नाही. इथं माणूस मारामारीत कोणाचं डोकं फोडेल, पण अर्धेलीची कोंबडी खाणार नाही.

तर ज्योत्स्नानं कोंबडी दिली आणि वर क्रियापदही दिलं. पिल्लं काय? विक्रमनं रोज ब्रिंगचं एक नवं वाक्य करायचं. होळीला ती आली की अर्धी वाक्यं तिला द्यायची. असा त्यांचा करार. हा सरांनी शिकवलेला नाही. पोरांनी स्वतः काढलेला.

सर मूळचे जामनेरचे. इकडं कसे आले? जाहिरात बघून आले. नवीन शाळा निघतेय, आज ना उद्या अनुदान मिळेल, तेव्हा पगार चालू होईल, तोवर कळ काढा. तरुण होते, कळ काढायला लागले. काढता काढता कानामागचे केस पांढरे झाले. शाळेमागच्या खोलीत राहायचे, स्वतःच्या भाकरी स्वतः थापायचे, वाकड्यातिकड्या. बायको कुंदाबाई जामनेरला शिलाई करायची आणि घर ओढायची. सर दिवाळीला घरी गेले की ती शेजारणींना म्हणायची, "पाहुणे आलेत आमच्याकडे. पाणी कुठं ठेवतो ते सुद्धा विचारतात."

सर काही साधू नव्हते. तंबाखू खायचे. हात उचलायचे, कान पिळायचे. पण शिकवायचे असं की मार खाल्लेलं पोरगं दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी येऊन बसायचं.

त्यांची एक गोष्ट ठाम होती. इंग्रजीत बाकी सगळं नंतर. आधी क्रियापद. "वाक्य म्हणजे गाडं," म्हणायचे. "नाम वर बसलेलं हाये, विशेषण नटून बसलेलं हाये. ओढतं कोण? बैल सोडून घेतला तर जाईल का गाडं?"

"नही, सर!"

"मग बैल ओळखायला शिका."

त्यांच्या ह्या 'हाये'वरून पोरं त्यांना छळायची. रत्ना सगळ्यात तोंडाळ. ती एकदा उठून म्हणाली, "सर, तुम्हनं हाये, आम्हनं शे, पुस्तकनं आहे, इंग्रजीनं इज. एवढासाठे चार शब्द कसाले?"

सर म्हणाले, "कारण असणं सगळ्यांना लागतं. ज्याला त्याला आपापलं."

नववीच्या पहिल्या दिवशी क्रियापदं वाटायचे. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते ना, तसं सर प्रत्येकाच्या कानात वाकून सांगायचे आणि बाकीची पोरं त्याच्या पाठीत दणादण बुक्के घालून "कुर्रर्र" ओरडायची. मग ज्याचं जे क्रियापद, त्यानं ते करून दाखवायचं. डिगवाल्यानं खड्डा खणायचा. ड्रॉवाल्यानं विहिरीतून बादली ओढायची. विक्रमला फॉल मिळालं तेव्हा तो ओट्यावरून इतक्या जोरात पडला की कोपर सोललं, आणि तशा रक्ताच्या हातानं ओरडला, "फेल! फॉलन!" रत्नाला थिंक मिळालं. तिनं विचारलं, "मी काय करू?" सर म्हणाले, "तू बस." ती दिवसभर मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. संध्याकाळी तिचा बाप शाळेत आला. "सर, पोरले काय व्हयनं? घर येईसन बी बोलत नही."

आणि कट सगळ्यांना पाहिजे असायचं. कट, कट, कट. काही बदलतच नाही. पाठ करायला नको, मार खायला नको. सर ते कोणालाच द्यायचे नाहीत. म्हणायचे, "घरोघर कोयता हाये. ते सगळ्यांचंच हाये."

तीन रूपं कशी समजवायचे? पहिलं रूप म्हणजे हातातलं काम. दुसरं म्हणजे कालचं. तिसरं म्हणजे झालं ते झालं, आता त्याला हात लावता येत नाही. एवढंच. पोरांना कळायचं. गाईडातून नाही कळलं ते ह्यात कळायचं.

त्या हिवाळ्यात एक गोष्ट डोक्यावर टांगलेली होती. तपासणी. संस्थेचे अध्यक्ष अभिमन आबा साक्रीहून दर आठवड्याला निरोप घेऊन यायचे. साहेब येणार. कधी येतील सांगता येत नाही. वर्ग भरलेला दिसला तर शाळा अनुदानाला लागेल. नाही दिसला तर नववी बंद, आणि सर जसे आले तसे परत. म्हणजे इतकी वर्षं ह्या माणसानं जी कळ काढली, तिचं काय होणार ते त्या एका दिवशी बाकांवर किती पोरं बसलीत त्यावर.

आणि बाकं तर रिकामी होत चाललेली. आज एक ट्रक, परवा एक ट्रक. गावात फिरलं तर दारादाराला काटे. सकाळी धूरही कमी दिसायचा. जो पोरगा जाई तो आपलं क्रियापद कोणाच्या तरी पदरात टाकून जाई. ड्रॉ गेलं रत्नाकडे. स्वीप गेलं, टीच गेलं, ते पण रत्नाकडेच. ती म्हणायची, "मनाकडे तर कोंबडीस्नं खुराडं व्हई गयं." हजेरी मात्र रोज पूर्ण वाजायची. सर हाक मारायचे, आणि अर्ध्या खोलीतून अख्ख्या वर्गाचा आवाज यायचा. डोळे मिटले तर पोरं गेलीच नाहीत असं वाटावं.

मस्टरवर मात्र सर खरं तेच लिहायचे. गेलेल्यांपुढे गैरहजर. एकाही पोराची खोटी हजेरी त्यांनी लावली नाही. हे आताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं लोक काय काय बोलले.

आबा एकदा म्हणाले, "सर, एक दिवसनी बात शे. आश्रमशाळाना पोरे मांगी लेऊत. बठ्ठा तसंच करतस."

सर म्हणाले, "आबा, उसनं मीठ आणावं. उसनी पोरं आणायची नाहीत."

"मंग बाकडास्वर काय, दगडे बसाडशात?"

"आपली पोरं परत आणतो मी."

"तुम्हीच?" आबा हसले. "मुकादमनी उचल दियेल शे त्यास्ले. तुम्हना ग्रामरवर सोडी का तो?"

तरी सर गेले. नाताळच्या सुट्टीत एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून केबिनमध्ये बसले आणि बारडोलीच्या अंगाला पडाव शोधत फिरले. पडाव म्हणजे तोडणीवाल्यांचा तळ. प्लास्टिकच्या झोपड्या, मधून सांडपाण्याचा ओहोळ, आणि चहूबाजूंनी ऊस, ऊस, ऊस. सरांच्या पांढऱ्या शर्टाकडे बघून कुत्री भुंकत होती.

धनीबाई, ज्योत्स्नाची आई, चुलीपाशी होती. सरांना बघून तिनं डोक्यावर पदर घेतला. पाणी दिलं. पाण्याला कसलातरी वास होता. सर प्यायले.

"पोरीला द्या माझ्याबरोबर," सर म्हणाले. "शाळेची तपासणी हाये. माझ्या खोलीशेजारी जीवरामभाऊंचं घर, त्यांच्या बायकोजवळ राहील. एक महिना तरी."

धनीबाई खाली बघून म्हणाली, "सर, तिना बाप कापस, मी मोळी बांधस. वाहाडं कोन गोळा करी? अन् उनी तरी काय? मोठी व्हई गयी ती. आठे चार डोया ध्यान ठेवतस. तठे कोन ठेवी?"

"मी ठेवीन."

"तुम्हीनी तर बठ्ठा गावनी पोरे ठेवात," धनीबाई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. त्यात टोमणा नव्हता. ती नाहीच म्हणत होती, फक्त वाईट न वाटेल अशा रीतीनं.

ज्योत्स्ना फडातून आली तेव्हा तिच्या डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा होता. हातांवर पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा. सरांना बघून लाजली. भारा टाकला आणि उभी राहिली, शाळेत उभी राहायची तशी, हात मागं बांधून. सरांना वाटलं विचारेल, अभ्यास कुठवर आला, पुस्तक पाठवाल का. तिनं तसलं काहीच विचारलं नाही.

"सर, विक्रम मनं ब्रिंग नीट सांभाळस ना?"

"सांभाळतो. रोज बोलतो."

"वाक्ये करस का? का नुसतं ब्रॉट ब्रॉट?"

"करतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी म्हणाला, शी ब्रॉट द रेन."

ती हसली. "पाऊस मी आनस? लबाड." मग हसू आवरून म्हणाली, "सर, तुम्ही रोज हाक मारज्यात. मी होळीले येस. तवपावत सोडज्यात नका."

"नाही सोडणार," सर म्हणाले.

बोलून गेले. आणि एकटेच परत आले.

जानेवारीत थंडी अशी पडली की सकाळी पोरांच्या तोंडातून क्रियापदांबरोबर वाफ निघायची. एक दिवस आबांचा निरोप आला, ह्याच आठवड्यात साहेब येणार, खबर पक्की. त्या संध्याकाळी सर ओट्यावर तंबाखू मळत बसले आणि शिपाई जीवरामभाऊंना म्हणाले, "जीवरामभाऊ, उद्यापासून फक्त हजर पोरांचीच क्रियापदं घेईन. बाकीची सोडून देईन. जेवढे हायेत तेवढे हायेत. निदान खरं तरी दिसेल."

"ते बरं शे, सर," जीवरामभाऊ म्हणाले. "पन पोरे आयकतीन का?"

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच जीवरामभाऊ धापा टाकत आले. "सर! साहेब उनात! जीप उनी!"

जीपमधून एक जाडसर माणूस उतरला. गळ्याला मफलर, हातात फायली. बरोबर एक कारकून. साहेबांनी इमारतीला एक चक्कर मारली, वर्गाच्या दाराची झडप उघडून-लावून बघितली. सरांच्या कपाळाला त्या थंडीत घाम.

"नमस्कार साहेब. बसा. मी गिरधर... इंग्रजी..."

"चालू द्या, चालू द्या तुमचं," साहेब म्हणाले आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. "आमचं काम होत राहील."

सर फळ्याकडे वळले. खडू धरला. तारीख न लिहिताच हाक मारली.

"बिगिन!"

"बिगॅन, बिगन!"

"ब्रेक!"

"ब्रोक, ब्रोकन!"

आता बिल्ड म्हणायचं होतं. ब्रिंग सोडून द्यायचं, तसं ठरलं होतं. पण त्या दिवशी सरांनी कशी कोण जाणे मान वळवली. मागच्या बाकावर विक्रम ताठ बसला होता, ओठ उघडे, ब्रॉट ओठांवर आलेलं. साहेबांसमोर आपल्या सरांची शान राखायची म्हणून पोरगं केसाला तेल लावून आलं होतं.

"ब्रिंग," सर म्हणाले.

"ब्रॉट, ब्रॉट! ज्योत्स्ना ब्रॉट अ न्यू बकेट!"

मग सुटलीच हजेरी. ड्रॉ, फॉल, स्वीप, टीच. रत्ना तर थिंकच्या आधी आणि नंतर मिळून इतक्या वेळा बोलली की तिचा घसा सुकला. पोरांनी जीव ओतला. एकही क्रियापद खाली पडू दिलं नाही. साहेब आधी कौतुकानं बघत होते. मग त्यांची मान इकडून तिकडे फिरायला लागली. मग ते मोठ्यांदा हसले.

"अहो सर, बाकं रिकामी आणि आवाज भरगच्च! कोण कोणाचं बोलतंय हे?"

विक्रम उभा राहिला. "साहेब, ज्या गयात त्यास्नं आम्ही सांभाळतस."

"म्हणजे जे नाहीत त्यांची हजेरी तुम्ही देता?" साहेब कारकुनाकडे बघून डोळे मिचकावत म्हणाले. "वा! चांगलं शिकवलंय हो सरांनी."

कारकून फिस्सकन हसला. वर्गात कोणीही हसलं नाही.

मस्टर तिथंच टेबलावर होतं. सरांनी नुसतं उघडून पुढं केलं असतं तरी पुरे होतं. गेलेल्यांपुढे गैरहजर लिहिलेलं स्पष्ट दिसलं असतं. सरांचा हात मस्टरवर गेला सुद्धा. पण विक्रम अजून उभा होता. त्याच्यासमोर ते मस्टर उघडायचं म्हणजे त्याला सांगायचं, की बाबा, तू इतके दिवस रोज ओरडलास ते मी कधी धरलंच नाही. सरांनी हात मागं घेतला.

"चूक माझी हाये, साहेब," एवढंच म्हणाले.

साहेबांनी हात झटकला, चहा घेतला, वर्गात लाईट आहे का विचारलं, कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं आणि जीपमध्ये बसले. धूळ उडाली. धूळ खाली बसली. पोरं दारात उभी राहून सरांकडे बघत होती, की आता कोणाला मार बसणार. कोणालाच बसला नाही. सर म्हणाले, "घरी जा," आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सगळ्यांत जास्त भीती पोरांना त्याचीच वाटली.

संध्याकाळी आबा आले. दारातूनच ओरडले, "काय करी बसनात, सर? आख्खी साक्रीमा हसू व्हई राहिनं. साहेबसमोर गैरहजर पोरेस्नी हजेरी? मी सांगेल व्हतं, उसना पोरे लेऊत. तुम्ही सत्यवादी! सत्यवादीनी शाळा डुबाडी दिन्ही."

सरांची बोलायची सवयच मोडल्यासारखी झाली. पुढचे दिवस ते वर्गात यायचे, फळ्याकडे पाठ, पोरांकडे तोंड करून उभे राहायचे आणि नावानं हजेरी घ्यायचे. सरळ नाव. "विक्रम." "हजर." "रत्ना." "हजर." बास. लगेच संपायची. पोरांना त्या नावांची लाज वाटायची. विक्रम एकदा हजर म्हणालाच नाही, सर पण पुढं गेले.

अनुदानाची काही खबर आली नाही. न येणं हीच खबर, असं सगळ्यांनी धरलं. पाण्यावर, पारावर, बाजाराच्या दिवशी साक्रीच्या स्टँडवर, सगळीकडे एकच. मास्तरनं पोरांना खोटं शिकवलं म्हणून शाळा गेली. ज्यांनी आयुष्यात शाळेचं तोंड बघितलं नाही ते सुद्धा बोलले. होळीच्या आधी एका सकाळी शाळा उघडी होती, खोली झाडलेली होती आणि किल्ल्या जीवरामभाऊंच्या दारात होत्या. सर गेले होते. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरांनी जाऊ दिलं नसतं. फाट्यावर आडवी झोपली असती ती.

होळी झाली. ट्रक परत आले. काटे निघाले. धनीबाई आली, तिचा नवरा आला. ज्योत्स्ना नाही आली. पडावावरच एक घर बघून तिचं लग्न उरकलं होतं. विक्रम कोंबडी घेऊन गेला तर धनीबाई म्हणाली, "ठेव तुलेच." अर्धेलीची कोंबडी ठेव म्हणणं म्हणजे मालकीण आता परत यायची नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला पण कळतं. विक्रमनं ती तिथंच अंगणात सोडली आणि निघून आला.

मग तो जामनेरला गेला. धुळे, तिथून जळगाव, तिथून जामनेर, एसटी बदलत. पत्ता माहीत नव्हता. शिलाईवाल्या कुंदाबाई कुठं राहतात, असं विचारत गेला. कुंदाबाईंनी मशीनवरूनच त्याला खालीवर बघितलं.

"तू विक्रम ना? फॉल?"

पोरगं रडायचंच बाकी होतं.

"बस. चहा घे. येतील आता. जिनिंगवर जातात, कापसाच्या गाड्या खाली करायला." मग मशीन थांबवून हळू म्हणाल्या, "इतकी वर्षं मी म्हणायची, या घरी, या घरी. आता आलेत तर बघवत नाही रे."

सर आले. डोक्यात, भुवयांत, कानात कापूस. विक्रमला बघून दारातच थांबले.

"कशाला आला?"

"सर, चाला ना."

"कुठं?"

"शाळामा. आम्ही बठ्ठा बसतस. आते कोन्हं सांभाळाव नही, सर. ज्यानं त्यानं बोलसूत. आईनी शप्पथ."

सर खाली बसले. केसातला कापूस काढायला लागले. एकेक पुंजका निघत होता, पण कापूस संपत नव्हता. "माझ्यामुळे गेली रे शाळा. मी परत आलो तर लोक पोरांना पण पाठवणार नाहीत. नवीन कोणी मास्तर येईल. तो चांगला असेल."

"नवीन ऊना. तो मोबाईल देखत बसस."

"मग तू शिकव त्याला."

"सर, ज्योत्स्ना नही उनी."

सरांनी मान वर केली नाही. "कळलं मला. जीवरामभाऊंचा फोन आला होता." मग सर म्हणाले, "मी तिला म्हटलं होतं, सोडणार नाही. आणि साहेबासमोर मी म्हटलं, चूक हाये. दोन्हीपैकी एक तरी मी नव्हतं बोलायला पाहिजे."

सरांनी उठून त्याला स्टँडवर सोडलं, एसटीत जागा धरून दिली, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी हलेपर्यंत उभे राहिले. विक्रम पुढं शाळेत गेला नाही. नवीन मास्तरला त्यानं तोंड पण दाखवलं नाही. पुढच्या दिवाळीला तो ट्रकात बसला. सरांबद्दल कोणी एक शब्द वाकडा काढला तर अजूनही तो पडावावर हातात येईल ते घेऊन उठतो.

हे सगळं होऊन गेल्यावर लोकसभेचं मतदान आलं. शाळेत बूथ लागला. मशीन घेऊन जी टोळी आदल्या दिवशी मुक्कामाला आली, तिच्यासोबत तेच मफलरवाले साहेब होते. उन्हाळा असल्यामुळे मफलर नव्हता, म्हणून जीवरामभाऊंनी त्यांना आधी ओळखलंच नाही. रात्रीच्या भाकरी जीवरामभाऊंच्या घरून गेल्या. जेवता जेवता साहेबांनी विचारलं, ते इंग्रजीवाले सर कुठं गेले, मजेदार होती पोरं. जीवरामभाऊ हात जोडून म्हणाले, साहेब, त्या तपासणीत सर गेले. साहेबांचा घास हातात राहिला. म्हणाले, कसली तपासणी? शिक्षण खात्याशी आपला संबंधच नाही. आपण निवडणूकवाले. त्या दिवशी ते फक्त बूथ बघायला आले होते.